प्रवाळ संपणारच असतील तर अभ्यास कशाचा करायचा?

सांगलीत एमएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलीनं मला विचारलंय, "मॅडम, मला प्रवाळांवर पीएचडी करायचीय, पण घरचे म्हणतात समुद्र कुठं आणि आपण कुठं, आणि आमचे सर म्हणतात २०५० पर्यंत प्रवाळ राहणारच नाहीत, मग अभ्यास कशाचा करणार? आणि करायचाच झाला तर नेमका कुठला प्रश्न घेऊ?" फोनवर निम्मं बोलणं राहिलं म्हणून एकदा नीट बसून लिहून काढते. मी मूळची कराडची, पंचवीसेक वर्षं मालवण, लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात पाण्याखाली उतरून प्रवाळ मोजायचं काम केलंय, त्यामुळं जे सांगते ते तिथं बघितलेलं आणि त्याच्या जोडीला वाचलेलं आहे.

पहिलं ते "संपणार" घेऊया. हे कुठनं आलं तर आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिचा २०१८ चा रिपोर्ट, त्यात म्हटलंय की पृथ्वीचं तापमान औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा दीड अंशानं वाढलं तर प्रवाळ ७० ते ९० टक्के घटतील आणि दोन अंशानं वाढलं तर ९९ टक्क्यांपेक्षा जास्त. आकडे भयंकरच आहेत, त्यात मला काही कमी करून सांगायचं नाही. पण अगं, दीड अंशाच्या वाक्यात १० ते ३० टक्के उरतात ना, ते कोण? कुठले? ते नशिबानं उरले की त्यांच्यात काही होतं म्हणून उरले, आणि उरल्यावर त्यांना पिल्लं होतात का आणि ती जगतात का? माझ्या मते पुढच्या वीस वर्षांचं प्रवाळ संशोधन या तीन प्रश्नांत आलं, बाकीचं त्याच्या मागनं येतं.

आता थोडं मुळापासनं, कारण तुझे वडील पण हे वाचणार म्हणालीस. आपल्याकडं पोवळं म्हटलं की मंगळाच्या अंगठीतला लाल खडा नाहीतर वैद्याकडची प्रवाळ पिष्टी आठवते. खड्याचं लाल पोवळं वेगळं, ते भूमध्य समुद्राकडचं. मी बोलतेय ते रीफ, म्हणजे समुद्रातला प्रवाळांचा खडक, बांधणारे प्रवाळ. हा दगड नाही आणि झाड पण नाही, हा प्राणी आहे, बारीक तोंडाभोवती तंतू असलेला, आणि असे हजारो जीव चिकटून वसाहत करून राहतात, खाली चुन्याचा सांगाडा घालत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाची ९० टक्क्यांपर्यंत गरज त्यातनं भागते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल सरासरीपेक्षा फक्त एक अंशानं जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं की हे जमेनासं होतं, शैवाल अंगातनं बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, ही गोष्ट पेपरात कायम चुकते. लक्षद्वीपला २०१० च्या उन्हाळ्यात मी एका फांदीवाल्या प्रवाळासमोर पंधरा मिनिटं नुसती थांबले होते. कातडी काचेसारखी पारदर्शक झालेली आणि आतला सांगाडा एवढा पांढरा की मास्कमधनं बघताना डोळे दिपत होते, पण नाक टेकेल इतकं जवळ गेल्यावर तंतू हलताना दिसत होते, म्हणजे जीव होता, उपाशी होता. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं आणि रंग चढतो. नाही निवलं तर काही आठवड्यांत त्यावर हिरवट शेवाळाची लव येते, विहिरीच्या पायरीवर येते तशी, आणि ती लव दिसली की संपलं. तीच फांदी मी परत बघितली तेव्हा लव आलेली होती.

वडिलांना एक सांग. ते छाटणीपासनं दिवस मोजतात, उष्णता किती साठली त्यावर मणी कधी भरणार याचा अंदाज बांधतात, तसाच हिशोब इथं आहे. अमेरिकेची नोआ ही संस्था सॅटेलाइटवरनं समुद्र दर आठवड्याला किती अंशानं जास्त तापलेला राहिला याची बेरीज करते. बेरीज ४ झाली की ब्लीचिंग दिसायला लागतं, ८ झाली की मोठ्या प्रमाणावर मरायला लागतात. साधी बेरीज आहे पण जगभर सगळे यावरच चालतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ अशा तीन जागतिक ब्लीचिंगच्या घटना झाल्या, चौथी २०२३ पासनं सुरू झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये तशी घोषणा झाली, तिच्यात जगातल्या ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला ब्लीचिंग होण्याइतकी उष्णता लागली. आपलं लक्षद्वीप पण त्यात होतं.

आता खरा मुद्दा येतो तो मधल्या वेळेचा. १९८० च्या सुमाराला एका जागी मोठं ब्लीचिंग झालं तर पुढचं व्हायला पंचवीस-तीस वर्षं जायची, आता सरासरी सहा वर्षांवर आलंय, हे ऑस्ट्रेलियातले प्रवाळ शास्त्रज्ञ टेरी ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जगभरातल्या १०० ठिकाणांचा हिशोब करून मांडलं. आणि भराभर वाढणाऱ्या प्रवाळांना सुद्धा सावरायला दहा-पंधरा वर्षं लागतात, ठोस गोल वाढणारे तर वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात, त्यांचं विचारूच नको. म्हणजे दुखणं एकदा येऊन गेलं हा प्रश्नच नाही, उठून उभं राहायच्या आत परत येतंय हा प्रश्न आहे. लागोपाठ दोन वर्षं दावण्या रोगानं बाग गेलेल्या माणसाला हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून मी सगळ्यात वर ठेवते ते पिल्लांचं काम. प्रवाळ बहुतेक ठिकाणी वर्षातनं एकदाच, पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्री सगळे मिळून अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. त्यातनं अळ्या होतात, काही दिवस तरंगतात आणि जागा आवडली तर चिकटतात. ही साखळी कुठं तुटते ते कळल्याशिवाय भविष्याचं काहीच बोलता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६ आणि २०१७ ला लागोपाठ ब्लीचिंग झालं, त्यानंतर २०१८ ला नवीन पिल्लं चिकटायचं प्रमाण आधीपेक्षा ८९ टक्क्यांनी कमी भरलं. आईबापच मेले तर पिल्लं कुठनं येणार. आता हे आकडे त्यांच्याकडं आहेत कारण त्यांनी आधीची वर्षानुवर्षं मोजणी करून ठेवली होती. आपल्याकडं किती ठिकाणी अशी पिल्लांची मोजणी सलग आहे ते शोधायला बस, तुला तुझा विषय अर्ध्या दिवसात सापडेल.

हे काम दिसतं कसं तेही सांगते, कारण फोटो बघून मुलींना वाटतं प्रवाळ म्हणजे रंगीत मासे आणि कासवं. साध्या भाजलेल्या मातीच्या फरश्या, चकाकी न दिलेल्या, तळाला खिळ्यानं बसवायच्या, मधे फट ठेवायची. मी माझ्या पहिल्या कामाला कराडच्या कुंभारवाड्यातनं करून घेतल्या होत्या, मधोमध भोक पाडून, आणि त्या मालवणपर्यंत एसटीनं पोत्यात भरून नेल्या. काही महिन्यांनी काढायच्या, ब्लीचमध्ये भिजवून वरचं शेवाळ साफ करायचं आणि मायक्रोस्कोपखाली इंच इंच बघत जायचं. पिल्लू मिलिमीटरभराचं असतं, बारीक सहा पाकळ्यांचं चांदणीसारखं, आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा फरशीच्या वरच्या बाजूला नसतंच, खालच्या अंधाऱ्या बाजूला कडेला असतं कारण वर गाळ बसतो आणि मासे खरवडतात. पहिली चांदणी सापडायला मला अकरा फरश्या लागल्या होत्या. आणि थोडी मोठी झालेली पिल्लं रात्री निळ्या टॉर्चनं शोधायची, बरीचशी हिरवी चमकतात. कंटाळवाणं काम आहे, पाठ मोडते, पण रीफ दहा वर्षांनी असणार का नाही हे त्या चांदण्या सांगतात, वरच्या मोठ्या प्रवाळांच्या टक्केवारीवरनं ते कळत नाही.

दुसरा प्रश्न, ब्लीचिंगमधनं वाचणारे प्रवाळ का वाचतात. इथं तुझ्या घरचं उदाहरण आहे. तुमच्या बागेत थॉमसन नाहीतर सोनाका असेल ती डॉगरिजच्या खुंटावर बांधलेली असणार, कारण खारट पाण्यात आणि टंचाईत स्वतःच्या मुळावर वेल टिकत नाही. वर वाण तोच, खाली खुंट वेगळा. प्रवाळांच्या बाबतीत खुंटाच्या जागी ते अंगातलं शैवाल समज. शैवालाचे पण प्रकार आहेत, त्यातलं ड्युरुस्डिनियम नावाचं असेल तर तोच प्रवाळ एक-दीड अंश जास्त सोसतो, पण वाढ मंदावते. फुकट काही मिळत नाही. इराणच्या आखातातले प्रवाळ उन्हाळ्यात ३५ अंशांच्या पाण्यात राहतात, त्यांचं शैवाल परत वेगळंच निघालं. मग प्रश्न असे पडतात की ही सहनशक्ती पुढच्या पिढीला जाते का, का दरवेळी नव्यानं कमवायला लागते, तिची किंमत किती, आणि शैवाल बदलायचा वेग तापमानाच्या वेगाला गाठतो का. ऑस्ट्रेलियातल्या मॅडलिन व्हॅन ओपन आणि हवाईतल्या रूथ गेट्स यांनी २०१५ पासनं माणसानं मदत करून ही उत्क्रांती घडवता येईल का यावर काम उभं केलं. रूथ गेट्स २०१८ ला गेल्या, काम चालू आहे. मला त्यात आशा वाटते, पण टाकीतला प्रयोग आणि उघडा समुद्र यात फार अंतर असतं, त्यामुळं तुला सुरुवात करायची तर टाकीपासनं करू नकोस. रीफवर कुठली वसाहत पांढरी पडली आणि शेजारची का पडली नाही तिथनं कर. एकाच हाताच्या अंतरावर, त्याच जातीची, त्याच पाण्यात. एक पांढरी फटक आणि दुसरी तपकिरी धडधाकट. हे मी इतक्या वेळा बघितलंय आणि दरवेळी तिथंच थांबावंसं वाटतं.

तिसरं आपल्या घरचं आहे आणि माझा जीव त्याच्यात अडकलाय. भारतात प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात ही चार नावं येतात. महाराष्ट्राचं नाव कुणी घेत नाही. पण मालवणला आहेत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, गढूळ पाण्यात, पोराइट्स, टर्बिनारिया असले ठोस नाहीतर पानासारखे पसरणारे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. आणि विजयदुर्गापासनं शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, बुडालेलं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. साताऱ्याच्या शाहू महाराजांचे सरखेल ते, म्हणजे समुद्र कुठं आणि आपण कुठं म्हणणाऱ्यांना एवढं सांगायला हरकत नाही. अजून एक सांग, कोयनेचं वीज करून सोडलेलं बरंचसं पाणी पूर्वेला कृष्णेत येत नाही, पश्चिमेला वाशिष्ठीतनं दाभोळच्या खाडीत जातं. आपल्या महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरातला पाऊस असा अरबी समुद्रात उतरतो.

तर गढूळ पाण्याचे हे प्रवाळ का महत्त्वाचे. एक म्हणणं असं की गढूळपणामुळं ऊन कमी पोचतं आणि तापमानाच्या जोडीला प्रखर उजेडाचा जो मार बसतो तो हलका होतो, म्हणून असल्या जागा पुढं आसरा ठरतील. कच्छच्या आखातात तर नराराला ओहोटीला चालत जाऊन उघडे पडलेले प्रवाळ बघता येतात, इतका उन्हाचा आणि गाळाचा त्रास सोसणारे. उलट म्हणणं असं की हे आधीच काठावर जगतायत, थोडं वाढलं की पडतील. दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत आणि मालवणलाही ब्लीचिंगची नोंद झालीय, त्यामुळं आसरा हा शब्द मी जपून वापरते. पावसाळ्यात तिथं डाइव्ह होत नाही, समुद्र खवळलेला आणि नद्यांचं गोडं पाणी वरनं येणारं. म्हणजे वर्षातला सगळ्यात कठीण काळ आपण बघतच नाही. सॅटेलाइटचा एक चौकोन ५ किलोमीटरचा आणि तोही पाण्याच्या वरच्या थराचा. तळाशी अंगठ्याएवढा तापमानाचा लॉगर बांधून ठेवणं एवढाच उपाय आहे, दर अर्ध्या तासाला नोंद घेत तो एकटा चार महिने खाली बसतो. ऑक्टोबरमध्ये पहिल्या डाइव्हला तो सापडला की जो आनंद होतो तो सांगता येत नाही.

आणि नाही सापडला की काय होतं तेही झालंय. एका प्रकल्पात आम्ही ऐंशी वसाहतींना नंबरचे बिल्ले खिळ्यानं लावले होते, दर सहा महिन्यांनी त्याच वसाहतींचा फोटो, तोच कोन. तीन वर्षं झाली, पैसे थांबले, देणाऱ्यांचं म्हणणं पेपर तर निघाला आता नवीन विषय आणा. चौथ्या वर्षी उन्हाळा कडक गेला. जी घटना बघायला सगळं लावलं होतं ती घडली आणि बघायला आमच्यातलं कुणी नव्हतं. दोन वर्षांनी स्वतःच्या पैशानं गेले तर नऊ बिल्ले सापडले. त्याचं दुःख मला अजून आहे. म्हणून सगळ्या प्राधान्यक्रमांच्या यादीत मी एक गोष्ट ओरडून सांगते, त्याच जागी परत परत जाणं. लक्षद्वीपचं आज जे कळलंय ते नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांची माणसं १९९८ पासनं त्याच बेटांवर जात राहिली म्हणून. २४ वर्षांत जिवंत प्रवाळाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, हे एका सर्व्हेतनं कळलंच नसतं. आणि त्यातलीच जास्त बारीक गोष्ट अशी की पुढच्या पुढच्या उष्णतेच्या लाटेत मरायचं प्रमाण कमी होत गेलं, पण सावरायचा वेग पण कमी झाला. सोसणारे उरले, भराभर वाढणारे गेले.

लक्षद्वीपवरनंच चौथा प्रश्न निघतो. बेटं पाण्याच्या वर एक-दोन मीटर, समुद्र वर्षाला चारेक मिलिमीटरनं चढतोय, आणि रीफ लाटेची सरासरी ९७ टक्के ताकद अडवतं. रीफ जिवंत असेल तर चुना घालत वर चढत राहतं, मेलं तर झिजतं, तुटतं, खडी होते, आणि घरंगळत्या खडीवर पिल्लू चिकटून जगत नाही. म्हणजे दरवर्षी चुना जमा किती आणि खर्च किती असा ताळेबंद मांडायला लागतो. यात पोपटमासा दोन्हीकडं येतो, सांगाडा खरवडून वाळू करतो म्हणून खर्चात, आणि शेवाळ खाऊन पिल्लांना जागा मोकळी करतो म्हणून जमेत. लक्षद्वीपचे लोक पिढ्यानपिढ्या गळ-काठीनं बाहेरची टूना मारत आले, रीफवरच्या माशांना फारसा हात लावला नाही, आणि १९९८ नंतर तिथं सावरणं जमलं त्यात याचा वाटा मानतात. आता रीफचे मासे बाहेर विकले जायला लागलेत. मग हा प्रश्न झूलॉजीचा राहतो का? मासेमाराच्या घरी बसून बोलणं, बर्फाचा भाव, बोटीचं कर्ज, हे संशोधनात धरायलाच पाहिजे, आणि ते करणारी माणसं फार कमी आहेत. तू शेतकऱ्याची मुलगी आहेस, तुला ते बोलणं जमेल.

बाकीचं भराभर सांगते. समुद्राचं आम्ल होणं खरं आहे, पीएच ८.२ वरनं ८.१ वर आला म्हणजे आम्लता साधारण ३० टक्क्यांनी वाढली, त्यानं चुना घालणं महाग पडतं, पण ते हळू चालणारं दुखणं आहे आणि त्याला लागणारी उपकरणं एका पीएचडीच्या आवाक्यात नसतात. रोगांवर काम हवंय, फ्लोरिडात २०१४ पासनं जो रोग पसरला त्यानं कॅरिबियनभर हाहाकार केला, आपल्याकडं त्या नजरेनं बघणारे थोडे.

आणि प्रवाळ लावणं, म्हणजे रिस्टोरेशन, ज्याचे सगळ्यात जास्त फोटो येतात. मी त्याच्या विरोधात नाही. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळ खणून नेले, तिथं तुतीकोरीनच्या सुगंथी देवदासन संस्थेनं कितीतरी वर्षं चिकाटीनं तुकडे लावलेत आणि ते गरजेचं होतं. पण जगभरच्या प्रकल्पांचा २०२० मध्ये आढावा घेतला तर ६० टक्क्यांनी दीड वर्षापेक्षा कमी काळ लक्ष ठेवलेलं निघालं. बाग लावून पहिली छाटणी पण बघायची नाही असं कुणी करतं का? त्यामुळं इथला संशोधनाचा प्रश्न "कसं लावायचं" हा नसून लावलेलं पुढच्या उन्हाळ्यातनं जातं का आणि त्याला पिल्लं होतात का हा आहे. आणि यातलं काहीही कोळसा-तेल जाळणं कमी करण्याची जागा घेत नाही. आपण वेळ मिळवून देऊ शकतो, थोडा.

आता तुझं. चुन्याचा सांगाडा घालणारे सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाला जो दर्जा तोच, त्यामुळं बोटभर तुकडा तोडायला सुद्धा परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. पहिलं वर्ष फक्त फोटो, फरश्या आणि लॉगर यावर आख, त्याला पण वनखात्याची परवानगी हवीच, अर्ज आत्ताच कर. कृष्णेत पोहायला शिकलीस म्हणालीस, चांगलंय, पण स्कूबाचा कोर्स नीट कर आणि त्याच्याआधी आकडेशास्त्र, त्यासाठीच्या आर या सॉफ्टवेअरमध्ये काम करायला शीक, महागडा कॅमेरा घेऊ नकोस. जाती ओळखायला घाई करू नकोस, पहिले सहा महिने प्रजातीच्या पातळीवर न जाता नुसतं कुळ बरोबर लिहिलंस तरी पुरे. विषय म्हणून मी सुचवेन, मालवणला तीन जागा, किल्ल्याजवळ एक, पर्यटकांच्या डाइव्हिंगच्या जागी एक आणि बोटी कमी जातात तिथं एक, प्रत्येक ठिकाणी पिल्लं किती चिकटतात आणि वर्षभर किती टिकतात, तळाचं तापमान आणि गाळ जोडीला. एवढंच. लहान वाटेल, पण चार वर्षं सलग केलंस आणि मधे एक कडक उन्हाळा आला तर असा आकडा तुझ्या हातात असेल जो आज कुणाच्या हातात नाही.

दोन लॉगर माझ्याकडं कपाटात आहेत, बॅटरी बदलून देते. फरश्या कराडला करून घेऊ, कुंभाराचा मुलगा आता भट्टी बघतो, त्याला माप माहितीय. मालवणचा बोटवाला ओळखीचा आहे, दिवाळीनंतर पाणी निवळ असतं. घरातली ऑक्टोबर छाटणी उरकली की वडिलांना घेऊनच ये, त्यांना पण बोटीतनं एकदा खाली बघू दे.